४०० सह्या आणि एक टन कागद: वही कंपनीकडे रिसायकल कागद कसा मागावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका शाळेतल्या पालकांनी एका मोठ्या वही कंपनीला पत्र लिहिलं: ‘रिसायकल केलेल्या, पर्यावरणाला कमी त्रास देणाऱ्या कागदाच्या वह्या काढा.’ खाली ४०० सह्या. पत्र जूनमध्ये गेलं. दोन महिन्यांनी साच्यातलं उत्तर आलं, ‘आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे.’ त्यानंतर काहीच नाही. आता काही पालक बहिष्कार टाकू म्हणतायत, काही विषय सोडून द्यायला तयार आहेत. कंपन्या अशा मागणीला दाद देतात का आणि देत असतील तर मागायचं कसं, हे विचारलंय.

मी २४ वर्षं कागदाच्या धंद्यात आहे. पहिली नऊ वर्षं रद्दीपासून कागद काढणाऱ्या मिलच्या प्रयोगशाळेत होते, नंतर वह्यांच्या कारखान्यात कागद खरेदीला. तुमच्यासारखी पत्रं ज्या टेबलावर येतात त्या टेबलावर मी बरीच वर्षं बसले आहे. तिथून काय दिसतं ते सांगते.

कंपनीला पटवायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. मला वाटतं, पत्र वाचणाऱ्याला तुमचं म्हणणं पटलंही असेल. पण ते वाचून त्याने उद्या सकाळी करायचं काय, हे त्या पत्रातून कळत नाही. किती वह्या, कोणत्या मापाच्या, कधी हव्यात, रिसायकल म्हणजे किती टक्के, थोडा महाग पडला तर चालेल का, यातलं काहीच पत्रात नसेल, तर ते ग्राहक सेवा विभागात जातं. खरेदी विभागापर्यंत पोचतच नाही. आणि कागद कोणता घ्यायचा हे खरेदी विभागच ठरवतो.

एक हिशोब करून बघा. १८ बाय २४ सेंटीमीटरची २०० पानी वही घ्या. त्यात १०० कागद, म्हणजे दोन्ही बाजू मोजून २०० पानं. एकूण क्षेत्रफळ ४.३२ चौरस मीटर. कागद ५८ जीएसएमचा धरला, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ५८ ग्रॅम, तर आतला कागद साधारण २५० ग्रॅम भरतो. एका मुलाला वर्षाला दहा वह्या लागतात असं धरू. ४०० मुलांच्या ४,००० वह्या, म्हणजे बरोबर एक टन कागद. तुमच्या ४०० सह्यांचं वजन खरेदीच्या टेबलावर एक टन आहे.

एक टन म्हणजे काय, तर लहान टेम्पोभर माल. मी ज्या मिलकडून कागद घ्यायचे, त्या मिल ठरावीक शेडचा म्हणजे रंगछटेचा, ठरावीक रुंदीचा कागद खास काढायला दहा टनांखाली तयार होत नसत. आम्ही त्याला मेकिंग ऑर्डर म्हणतो. मशीन एका शेडवरून दुसऱ्या शेडवर न्यायचं तर मधला काही तास निघालेला कागद ना धड या शेडचा ना त्या, तो परत लगद्यात टाकावा लागतो. तो खर्च एक टनावर पडला तर वही कुणाला परवडणार नाही. दहा टनांवर विभागला तर जाणवतही नाही. म्हणून माझा पहिला सल्ला असा की आणखी सह्या गोळा करत बसू नका, शाळा गोळा करा. तुमच्यासारख्या दहा शाळा मिळून आकडा घेऊन आल्या तर ती मागणी खरेदी विभागाच्या भाषेतली होते. नाशिकसारख्या शहरात दहा शाळा जमवणं अवघड आहे, पण अशक्य नाही. एखाद्या शिक्षणसंस्थेच्या तीन-चार शाळा असतात. तिथल्या सचिवांना भेटलात तर निम्मं काम एका बैठकीत होतं.

दुसरी चूक वेळेची झाली. जूनमध्ये पत्र पाठवलंत तेव्हा त्या वर्षीच्या वह्या छापून, बांधून दुकानात गेलेल्या होत्या. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, त्यासाठी कारखाने हिवाळ्यापासून वह्या करायला लागतात आणि कागदाचे सौदे दिवाळीनंतर होतात. आम्ही नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मिलशी बोलायचो. मार्च उजाडला की ठरलेल्या कागदात कुणी बदल सुचवला तरी ऐकायची सोय नसायची, गोदाम भरलेलं असायचं. तेव्हा पुढचं पत्र दिवाळी झाल्यावर लगेच जाऊ द्या. हीच चार वाक्यं तुम्ही जूनऐवजी नोव्हेंबरमध्ये लिहिली असती तर कदाचित फोन आला असता.

आता ‘रिसायकल कागद’ म्हणजे नक्की काय मागायचं, याकडे जरा थांबून बघू. भारतात जेवढा कागद आणि पुठ्ठा तयार होतो, त्यातला दोन तृतीयांशाहून अधिक रद्दीपासूनच होतो. गुजरातेतलं वापी आणि मोरबी, उत्तर प्रदेशातलं मुझफ्फरनगर या पट्ट्यांतल्या मिल मुख्यतः रद्दीवर चालतात. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचं तपकिरी खोकं, साबणाच्या वडीचं आतून करडं दिसणारं कार्टन, या सगळ्यात जुना कागद असतो. कमी आहे तो लिहायच्या आणि छापायच्या पांढऱ्या कागदात. तिथेही काही स्वस्त वह्यांचा क्रीमवोव्ह, म्हणजे साधा, कमी पांढरा कागद आधीच रद्दीचा किंवा शेतातल्या काडी-कचऱ्याचा असतो, फक्त ते कव्हरवर कुणी लिहीत नाही. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा की ‘सध्या वापरता तो कागद कशाचा आहे?’ तो आधीच रद्दीचा निघाला तर तुमच्या मोहिमेने फक्त कव्हरवर एक हिरवं पान छापलं जाईल, बाकी काही बदलणार नाही.

पुढचा मुद्दा टक्केवारीचा. नुसतं ‘रिसायकल’ म्हटलं तर त्यात तीन वेगळ्या गोष्टी येऊ शकतात. मिलमध्ये कागद काढताना जो तुटका माल निघतो, ज्याला आम्ही ब्रोक म्हणतो, तो पुन्हा लगद्यात टाकणं ही रोजची पद्धत आहे. त्याला रिसायकल म्हणणं बरोबर नाही, आयएसओ १४०२१ हे मानकही तो धरत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे छापखान्यातलं कटिंग. ते कोरं, स्वच्छ असतं, त्याला चांगला भाव मिळतो आणि कुणी मागणी केली नाही तरी ते मिलकडे जातंच. तिसरी गोष्ट घराघरातून, शाळांतून, कार्यालयांतून वापरून झालेली रद्दी. तुमच्या आग्रहाने खरा फरक पडतो तो इथे. म्हणून पत्रात स्पष्ट लिहा: ‘वापरून झालेल्या रद्दीचा अंश किमान ५० टक्के, आणि तो वहीच्या कव्हरवर छापलेला.’ ५० हा माझा आकडा आहे. तुमच्या भागात माल मिळत नसेल तर ३० पासून सुरुवात करा. शंभराचा हट्ट पहिल्या वर्षी धरू नका. जुने तंतू प्रत्येक फेरीत आखूड होत जातात. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर ते कागद धरून ठेवायच्या कामाचे राहत नाहीत, आणि वहीची पानं मुलं जशी ओढतात ते बघता थोडा लांब तंतू मिसळलेला असणं सोयीचं असतं.

लेबलांबद्दल. एफएससी ही जंगलं आणि त्यातून येणारा माल प्रमाणित करणारी आंतरराष्ट्रीय संस्था, तिचं लेबल तीन प्रकारचं असतं: १०० टक्के, मिक्स आणि रिसायकल्ड. पहिल्याचा अर्थ जंगल किंवा लागवड प्रमाणित आहे, त्यात जुना कागद असतोच असं नाही. मिक्समध्ये थोडा असू शकतो. तुम्हाला हवं ते तिसरं. ‘वूड-फ्री’ हा शब्द वाचून तर खूप जण फसतात. धंद्यात त्याचा अर्थ ‘लाकूड रसायनांनी शिजवून लिग्निन (तंतू एकमेकांना धरून ठेवणारं द्रव्य) काढलेल्या लगद्याचा कागद’ असा आहे. तो झाडाचाच असतो! ‘क्लोरीन-फ्री’ हे ब्लीचिंगबद्दल सांगतं, तंतू कुठून आला याबद्दल नाही. आपल्या सरकारचीही एक खूण आहे, इकोमार्क, मातीच्या घड्याचं चिन्ह. १९९१ पासून आहे, कागद हा तिच्या सुरुवातीच्या वस्तूंत होता. तरी फार थोड्या कंपन्यांनी ती घेतली, कारण ग्राहकाने कधी दुकानात घडा मागितला नाही. २०२४ मध्ये तिचे नियम नव्याने आले. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख जरूर करा, म्हणजे वाचणाऱ्याला हा विषय तुम्ही अभ्यासून लिहिलाय हे कळेल.

एक सावधगिरी. पत्रात ‘झाडं वाचवा’ हे मुख्य कारण देऊ नका. ‘एक टन कागद म्हणजे १७ झाडं’ हे वाक्य सगळीकडे फिरतं, पण ते तिकडचं, अमेरिकेतलं गणित आहे. आपल्याकडे १९८८ च्या वन धोरणानंतर कागद मिलने लाकूड शेतकऱ्यांकडून घ्यावं असं ठरलं, आणि आज बरंचसं लाकूड सुबाभूळ, निलगिरी, सुरू यांच्या शेतातल्या लागवडीतून येतं. कंपनी तुम्हाला शांतपणे कळवेल की आमची झाडं शेतकऱ्यांनी विकायलाच लावलेली आहेत. ते उत्तर खोटं नसेल आणि तुमच्याकडे पुढचं वाक्य नसेल. त्यापेक्षा पाणी आणि ऊर्जा यांचा मुद्दा पक्का आहे. लाकूड शिजवून लगदा करण्यापेक्षा जुन्या कागदाचा लगदा करायला दोन्ही कमी लागतात. आणखी एक मुद्दा मला जास्त जवळचा वाटतो. आपण परदेशातून जहाजं भरून रद्दी विकत आणतो, आणि इथली चांगली रद्दी ओल्या कचऱ्यात भिजवून फेकतो.

आणि एवढं सगळं खरं असलं तरी प्रत्येक रिसायकल मिल चांगली असते असंही नाही. शाई काढताना गाळ निघतो. रद्दीच्या गाठींबरोबर प्लास्टिक येतं. बॉयलरला कोळसा लागतो. हा गाळ आणि प्लास्टिक मिल कुठे टाकते यावर फायदा किती ते ठरतं. नाशिकच्या वहीसाठी कागद उत्तर प्रदेशातून ट्रकने येणार असेल तर वापीचा कागद बरा. उसाच्या चिपाडाचा कागद हाही चांगला पर्याय होऊ शकतो. तमिळनाडूत करूरजवळची सरकारी मिल १९८० च्या दशकापासून चिपाडावर चालत आलेली आहे. आपल्याकडे इतके साखर कारखाने असून बहुतेक चिपाड बॉयलरमध्ये जळतं, हे मला कायम खटकत आलंय, पण तो वेगळा विषय आहे.

आता कंपनी कोणत्या अडचणी सांगेल ते बघू. पहिली अडचण ठरलेली: ‘रिसायकल कागदावर शाई फुटते.’ याबद्दल माझा अनुभव सविस्तर सांगते, कारण यात मी स्वतः चुकले होते. खरेदीत येऊन तीन वर्षं झाली होती. मी मालकांना पटवून तीन टन रिसायकल कागद घेतला. दिसायला सुरेख होता, हलका दुधी रंग. वह्या झाल्या, दुकानांत गेल्या. जुलैत पहिल्या तक्रारी आल्या. शाईच्या पेनाने लिहिलं की अक्षराला मिशा फुटायच्या आणि मागच्या पानावर डाग उमटायचा. दुकानदारांनी गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवले. मी मिलला फोन करून भांडले. तिथल्या माणसाने मला माझीच खरेदी ऑर्डर वाचून दाखवली. तीत जीएसएम होतं, माप होतं, शेड होती. कागद पाणी किती शोषतो त्याचं माप, म्हणजे कॉब व्हॅल्यू, मी लिहिलीच नव्हती. शाई फुटते ती साइझिंग कमी असल्यामुळे, म्हणजे तंतूंवर पाणी रोखणारं जे रसायन बसवतात ते कमी पडल्यामुळे. कागद नवा असो की जुन्याचा, साइझिंग नीट असेल तर शाई जागच्या जागी राहते. चूक माझी होती, नाव मात्र रिसायकलचं खराब झालं. पुढची चार वर्षं आमच्या कारखान्यात तो शब्द कुणी काढू दिला नाही. एका मापाचा उल्लेख राहिला म्हणून किती मुलांच्या हातात जाऊ शकणाऱ्या वह्या राहून गेल्या, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्यामुळे मागणी करताना दर्जाही तुम्हीच लिहा. जीएसएम ५८ ते ६०, कॉब व्हॅल्यूची चाचणी केलेली, पान उलटल्यावर मागचं लिखाण वाचता येणार नाही इतकी अपारदर्शकता, आणि ब्राइटनेस, म्हणजे कागदाच्या पांढरेपणाचं माप, ७५ च्या आसपास चालेल हे आवर्जून. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे.

कारण दुसरी अडचण कंपनी तोंडावर सांगणार नाही, पण खरी तीच आहे. दुकानात दोन वह्या शेजारी ठेवल्या तर आई-वडील जास्त पांढरी उचलतात. मी दुकानांत उभी राहून बघितलंय, बोटाने पान चाळतात, उजेडाकडे धरतात आणि ‘ही छान आहे’ म्हणतात. तो निळसर पांढरेपणा बहुतेक वेळा ऑप्टिकल ब्राइटनर नावाच्या रसायनाचा असतो. ते अतिनील प्रकाश घेऊन निळा उजेड परत देतं. लिहिण्याशी त्याचा काही संबंध नाही. पण जो कारखानदार ते टाकत नाही त्याची वही दुकानात पडून राहते, म्हणून सगळे टाकतात. तुम्ही पालक म्हणून ‘आम्हाला दुधी कागद चालेल’ असं लेखी देता, तेव्हा त्याची सगळ्यात मोठी भीती जाते. इथे एक पुरावा तुमच्या घरातच आहे. बालभारतीचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा, सुरुवातीच्या पानांवर निर्मितीच्या तपशिलात ‘कागद : ७० जी.एस.एम. क्रीमवोव्ह’ असं छापलेलं दिसेल. महाराष्ट्रातली मुलं कित्येक वर्षं त्या कमी पांढऱ्या कागदावर वाचतायत. वाचायला चालतो तो लिहायला का चालू नये, हे पालक सभेत पुस्तक हातात धरून विचारा.

तिसरी अडचण किमतीची. जुन्या कागदापासून केलेलं म्हणजे स्वस्त असणार, असं लोकांना वाटतं. पांढऱ्या लिहिण्याच्या कागदात तसं नेहमी होत नाही. शाई काढायला रद्दी आधी मोठ्या हौदात, आम्ही पल्पर म्हणतो, कॉस्टिक सोडा आणि साबणाबरोबर घुसळतात. मग लगद्यात खालून हवा सोडतात, बुडबुड्यांना शाईचे कण चिकटून वर येतात आणि फेस काढून टाकतात. पिना, सुतळी, प्लास्टिक, गोंद वेगळे करायला एकापुढे एक चाळण्या. सगळ्यात त्रासदायक असतो पुस्तकाच्या पुठ्ठ्यामागचा गरम करून लावलेला गोंद. तो वितळतो, चाळणीतून जातो आणि मशीनच्या जाळीवर चिकटून कागदाला भोकं पाडतो. रद्दी जितकी स्वच्छ तितका हा खर्च कमी. म्हणजे वहीची किंमत काही अंशी तुमच्या घरातल्या रद्दीच्या पोत्यात ठरते.

आणि इथे शाळा अशी गोष्ट करू शकते जी कंपनीला स्वतःहून करता येत नाही. एप्रिलमध्ये वर्ष संपलं की मुलांच्या वह्या रद्दीत जातात. लिहिलेल्या वहीचा कागद चांगला असतो, तंतू लांब असतात, शाई कमी असते. पण तो वर्तमानपत्र आणि खोक्यांबरोबर एकाच पोत्यात गेला की त्याचा भाव मिश्र रद्दीचा होतो, आणि पांढरा तंतू करड्या पुठ्ठ्यात जाऊन बसतो. तिथून तो पुन्हा पांढरा होत नाही. शाळेने एप्रिलमध्ये एक आठवडा फक्त वह्या गोळा केल्या, प्लास्टिकची कव्हरं, तारेची स्पायरल आणि चिकट लेबलं काढून घेतली, आणि कोरड्या जागी ठेवल्या, तर तो वेगळ्या प्रतीचा माल होतो. पाऊस लागू देऊ नका. भिजून बुरशी आलेली गाठ मिल घेत नाही किंवा वजनात मोठी काट धरते. विकताना जवळच्या रद्दीवाल्याला डावलू नका. त्याला आधी सांगा की वह्या वेगळ्या मिळणार आहेत, तो वेगळा भाव देईल. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली, बाबा आढावांच्या मार्गदर्शनाखाली. तिचं नावच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ आहे, त्यातला पहिला शब्द कागद. या साखळीतली माणसं रद्दी कोणत्या प्रतीची हे हाताला लागताच सांगतात. त्यांना विचारून करा.

थोडं विषयांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्नर आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा ही कागद करणाऱ्यांची जुनी गावं. तिथला हातकागद जुन्या चिंध्या, दोर, गोणपाट कुटून व्हायचा. जुन्या वस्तूपासून लिहिण्याचा कागद करणं आपल्याकडे शेकडो वर्षं चालत आलेलं आहे. पालक सभेत ‘हे परदेशी फॅड’ असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

आता पत्र कुणाला लिहायचं? मोठ्या ब्रँडला लिहायला हरकत नाही, पण त्यांची यंत्रणा मोठी, निर्णय हळू. तुमच्या शाळेला नाव छापलेल्या वह्या पुरवणारा कुणी असेल, किंवा शहरातला रूलिंग-बाइंडिंग करणारा मध्यम कारखानदार असेल, तर आधी त्याच्याकडे जा. त्याला दहा टनांची लेखी ऑर्डर म्हणजे मोसमाची चांगली सुरुवात असते. तो मिलशी स्वतः बोलतो. त्याच्या वह्या दोन वर्षं नीट विकल्या गेल्या की मोठ्या ब्रँडचा विक्री प्रतिनिधी त्याची बातमी स्वतःच वर पोचवतो. मी अशा बातम्या आमच्या बैठकांत ऐकलेल्या आहेत, त्यावर निर्णय होतात.

दुकानदाराकडूनही दबाव येऊ शकतो. अमेरिकेत स्टेपल्स नावाच्या कार्यालयीन साहित्याच्या दुकानसाखळीविरुद्ध डॉगवुड अलायन्स आणि फॉरेस्टएथिक्स या संघटनांनी दोन वर्षं मोहीम चालवली. देशभर दुकानांसमोर निदर्शनं झाली. नोव्हेंबर २००२ मध्ये कंपनीने मान्य केलं की आपल्या कागदी मालात सरासरी ३० टक्के वापरून झालेल्या कागदाचा अंश आणू. यात दोन गोष्टी माझ्या लक्षात राहिल्या. मोहीम मिलवर नव्हती, विकणाऱ्यावर होती. आणि ३० टक्क्यांचा कागद तोवर बाजारात तयार होता, कारण अमेरिकी केंद्र सरकारने १९९३ च्या आदेशाने आपल्या खात्यांना २० टक्के जुन्या तंतूचा कागद घ्यायला लावला होता आणि १९९८ च्या अखेरीपासून तो आकडा ३० केला होता. मिलने मशीनं बसवली होती. आधी कुणीतरी मोठा गिऱ्हाईक ठरलेला आकडा घेऊन उभा होता, मग निदर्शनांचा उपयोग झाला. म्हणून तुमच्या महापालिकेच्या शाळांना वाटल्या जाणाऱ्या वह्यांची निविदा निघत असेल, तर नगरसेवकाला भेटून तीत एक ओळ घालायचा प्रयत्न करा. त्या एका ओळीतून तुमच्या दहा शाळांच्या कितीतरी पट कागद बदलतो.

बहिष्काराबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. तुमच्या शाळेने त्या कंपनीची वही घेणं बंद केलं तर एक टन कमी झाला हे तिला कळणारही नाही, आणि तुम्ही जी वही घ्याल तिचा कागद कशाचा आहे हे तुम्हालाही माहीत नसेल. पर्यायी वही हातात आली, की मग ‘आम्ही ही घेतो, त्या कारणासाठी घेतो’ हे त्या कंपनीला जरूर लिहा.

कार्यालयातल्या ए-फोर कागदासाठीही हीच रीत चालते, तिथे तर सोपं आहे, कारण रीम एकाच माणसाच्या सहीने येतात. फक्त मागायच्या आधी एक रीम मागवून तुमच्या प्रिंटरवर पावसाळ्यातल्या दिवशी चालवून बघा. आणि शाळेच्या उपाहारगृहात खाणं गुंडाळायला मात्र रिसायकल कागदाचा आग्रह नको. छापील वर्तमानपत्रात अन्न देऊ नये असं अन्न सुरक्षा प्राधिकरण सांगतं ते शाईमुळे. जुन्या शाईचे अंश रिसायकल कागदातही राहू शकतात. तिथे स्टीलचं ताट बरं.

पत्र कसं असावं याचा नमुना देते, हवा तसा बदला: ‘आमच्या दहा शाळांना येत्या जूनसाठी १८ बाय २४ सेंमी, २०० पानी ४०,००० वह्या हव्या आहेत. आतला कागद ५८ जीएसएम, वापरून झालेल्या रद्दीचा अंश किमान ५० टक्के, तो कव्हरवर छापलेला. ब्राइटनेस ७५ च्या आसपास चालेल, ऑप्टिकल ब्राइटनर नको. कॉब चाचणीचा अहवाल आणि मिलचं नाव कळवावं. सध्याच्या वहीपेक्षा ५ टक्क्यांपर्यंत जास्त दर देण्याची आमची तयारी आहे. एप्रिलअखेर या शाळांतून वापरलेल्या, कव्हर काढलेल्या कोरड्या वह्या वेगळ्या गोळा केल्या जातील, त्या आपल्या मिलला हव्या असल्यास कळवावे. १५ डिसेंबरपर्यंत दर आणि २० नमुना वह्या मिळाव्यात.’ खाली मुख्याध्यापकांच्या सह्या आणि शाळांचे शिक्के. पालकांच्या ४०० सह्या मागे जोडा, त्यांचा उपयोग इथे होतो.

वाढीव दराचा आकडा तुमचा तुम्ही ठरवा. सगळ्या पालकांना तो परवडणार नाही हे गृहीत धरा आणि फरक कसा भरून काढायचा ते सभेतच बोला. रद्दी विकून येणारे पैसे त्यासाठी वापरणारी एक शाळा मी बघितली आहे.

नमुना वह्या आल्या की त्या सभेत फिरवू नका, मुलांना द्या. पाचवीतल्या, आठवीतल्या वीस मुलांना आठवडाभर लिहू द्या. एकाला शाईचं पेन, एकाला जेल, एकाला बॉलपेन, एकाला पेन्सिल आणि खोडरबर. कोणत्या पानावर काय वापरलं ते कोपऱ्यात लिहायला सांगा. फुटलेलं अक्षर दिसलं तर त्या पानाचा फोटो काढून कारखानदाराला पाठवा आणि फोनवर कॉब व्हॅल्यू किती होती ते विचारा.